पांढरी पडलेली पिल्लं

"रोग! रोग आहे हा! डोळे फुटलेत का तुमचे सगळ्यांचे?"

भिंतीपलीकडून आधी टीसी आजोबांचं टक्कल वर आलं, मग चष्मा, मग मिशा आणि शेवटी एक थरथरणारं बोट. ते बोट थेट खुराड्याकडे रोखलेलं होतं.

दाणे टाकणाऱ्या काडीचा हात तसाच थांबला. सकाळी सकाळी स्टुलावर चढून भांडायला उभं राहायचं म्हणजे काय!

"कसला रोग, आजोबा? मस्त खातायत, पितायत, हुंदडतायत!"

"मस्त? अगं, आणली तेव्हा तपकिरी होती ना ही? आता बघ! पांढरीफटक पडलीयत! जिवंत प्राणी असा रंग बदलतो होय? आज कोंबड्या पांढऱ्या पडल्या, उद्या आपण पडू!"

"तुमच्या मिशा तर आधीच पडल्यात," तिच्या शेजारी भांड्यात पाणी भरणारा रेडिओ पुटपुटला.

"काय म्हणालास?"

"काही नाही! आज ऊन छान पडलंय म्हणालो!"

आजोबांनी दोघांकडे असं पाहिलं, की जणू दोघंही बिनतिकीट सापडले होते. त्यांची अख्खी नोकरी रेल्वेच्या डब्यात तिकिटं तपासण्यात गेली होती. आता डबा नव्हता, तिकिटं नव्हती, पण ती नजर तशीच होती. "मी नगरपालिकेत कळवणार," ते म्हणाले. "आजच्या आज!" आणि आले तसेच ते खाली उतरत गेले; आधी बोट, मग मिशा, मग चष्मा, मग टक्कल.

काडी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण अंगाने काडीसारखी आणि जरा घासलं की पेटणारी, म्हणून सगळे तिला काडीच म्हणत. सुट्टीला ती मावशीकडे आली होती. रेडिओ तिचा मावसभाऊ, तिच्याच वयाचा. त्याचं तोंड बंद करायचं बटण अजून कोणाला सापडलं नव्हतं. त्याची दुसरीतली बहीण दोघांच्या मागे मागे सगळीकडे जायची, म्हणून ती शेपूट.

कोंबड्यांची कल्पना काडीची. मावशीच्या मागच्या अंगणात एक पडकं खुराडं होतं आणि सुट्टी लांबलचक होती. "नुसतं लोळण्यापेक्षा काहीतरी करा," असं मावशीच म्हणाली होती. काका मात्र पहिल्या दिवसापासून फुरंगटलेले. ते बस डेपोत इंजिनं दुरुस्त करायचे. "दिवसभर इंजिनांचा खडखडाट आणि घरी आलं की कोंबड्यांचा! आधीच सांगतो, सुट्टी संपेपर्यंत यांनी घर डोक्यावर घेतलं, तर एकेकीला उचलून बाहेर काढीन. कोंबड्यांना पण आणि तुम्हाला पण!"

मग मावशी आणि काडी बाजारातल्या पिल्लंवाल्याकडून डझनभर पिल्लं घेऊन आल्या. पिंजऱ्यावर थाप मारत तो अगदी गाण्यासारखं ओरडत होता, "या जातीत तपकिरी ती मादी, पिवळं ते नर! आपल्याकडे सगळ्या माद्या! पिवळं शोधून दाखवा आणि अख्खा पिंजरा फुकट न्या!"

पहिले दिवस सोपे नव्हते. खोक्यात वर्तमानपत्र अंथरलं, तर पिल्लांचे पाय घसरायला लागले. मग लाकडाचा भुसा आणला. उबेसाठी बल्ब खूप खाली टांगला, तर ती कोपऱ्यांत पळाली. खूप वर टांगला, तर एकमेकांवर चढून चिवचिवाट करू लागली. कोणालाच नीट माहीत नव्हतं. एका गारठ्याच्या पहाटे बल्ब उडाला आणि एक पिल्लू गेलं. काडी तोंडात घास न घालता अंगणात बसून राहिली होती. "झालं? एक गेलं. हळूहळू सगळी जातील," काका म्हणाले होते. ते वाक्य काडीने कधी माफ केलं नाही. त्या दिवसापासून तिने डोळ्यांत तेल घालून बाकीची पिल्लं जपली. आता ती खोक्यातून खुराड्यात आली होती, त्यांना खरी पिसं फुटत होती, आणि...

आणि ती पिसं पांढरी होती. टीसी आजोबा ओरडत होते, पण खोटं बोलत नव्हते. तपकिरी लव आता फक्त डोक्यावर आणि मानेवर उरली होती.

* * *

नगरपालिकेचे आरोग्य निरीक्षक दुसऱ्याच दिवशी आले. आले म्हणजे अंगणाच्या फाटकापर्यंतच आले. नाकावर रुमाल धरून त्यांनी लांबूनच मान वाकडी केली.

"हं. रंग गेलेला दिसतोय. संसर्ग असणार."

"साहेब, आत येऊन बघा ना," काडी म्हणाली. "आजारी पिल्लू मान टाकून बसतं. यांच्यातलं एकही तसं नाहीये. हातात घेऊन तरी बघा!"

"हातात? मला काय वेड लागलंय?" ते मावशीकडे वळले. "रविवारी संध्याकाळपर्यंत विल्हेवाट लावा. नाहीतर सोमवारी आमची गाडी येईल आणि सगळी घेऊन जाईल."

"घेऊन जाऊन काय कराल?" शेपटाने विचारलं.

निरीक्षकांनी रुमाल नाकावर आणखी घट्ट दाबला, आणि सगळ्यांना उत्तर कळलं. शेपूट मोठ्याने रडायला लागली.

"मी म्हणालो होतो," काका म्हणाले.

"तुम्ही दुसरं काय म्हणता कधी?" काडी फाडकन बोलली.

"काडी!" मावशीचा आवाज चढला. "मोठ्यांशी असं बोलतात? आत जा!"

ती आत गेली नाही. खुराड्यामागे जाऊन भिंतीला टेकून बसली. रेडिओ आला, त्याच्या मागून शेपूट आली, डोळे पुसत.

"तुझ्यामुळे आमच्या घरात भांडणं," रेडिओ म्हणाला. "सुट्टीत क्रिकेट खेळलो असतो गप!"

"मग जा ना! धरून ठेवलंय कोणी?"

"जातोच! आणि पाण्याचं भांडंही तूच घासत जा. रोज त्यात गंजाचं पाणी. हात तपकिरी होतात माझे."

काडीने मान वर केली. "कसला गंज? भांडं प्लॅस्टिकचं आहे."

"मग नळाचा असेल."

"नळाचं पाणी आपण पितो, ते कुठे तपकिरी आहे?"

रेडिओने आपले तळहात उलटेसुलटे करून पाहिले. तेवढ्यात शेपूट हुंदके देत म्हणाली, "माझ्या फ्रॉकवर पण पिल्लू उतरलंय. आई म्हणते, धुवून जात नाही."

तिने फ्रॉकचा घेर पुढे केला. पिल्लाला मांडीवर घेऊन बसायची जागा. तिथे पिल्लाएवढाच एक तपकिरी डाग होता.

काडी ताडकन उठली. कापसाचा बोळा कोमट पाण्यात बुडवून आणला आणि एका पिल्लाच्या मानेवरून हलक्या हाताने फिरवला. पिल्लू चिडून टोचायला लागलं. बोळा तपकिरी झाला! आणि त्या जागची लव पिवळट झाली!

"रंग!" काडी ओरडली. "रंगवलेली आहेत ही! रोग नाही, काही नाही! रंग धुतला जातोय आणि नवीन पिसं खऱ्या रंगाची येतायत!"

"पण पिल्लं कोण कशाला रंगवेल?" रेडिओ म्हणाला, आणि पुढच्याच क्षणी त्याचे डोळे मोठे झाले. "थांब! तपकिरी ती मादी..."

"...पिवळं ते नर!" काडीने पुरं केलं. "हे सगळे कोंबडे आहेत!"

तिघंही खुराड्याकडे बघत राहिली. आतले सगळे सभ्यपणे दाणे टिपत होते.

* * *

घरात सांगितलं, तर काका खो खो हसले. "पिल्लं रंगवतो? माणूस आहे का रंगारी? आपली चूक झाकायला काय एकेक शोध लावतात!" टीसी आजोबांनी तर दारच उघडलं नाही. मावशीने मात्र तो तपकिरी बोळा बराच वेळ हातात धरून पाहिला.

"मला पटतंय," ती म्हणाली. "पण बोळा दाखवून निरीक्षक ऐकतील? आणि तो पिल्लंवाला म्हणेल, तुम्हीच रंग लावलात."

"त्यालाही कोणी फसवलं असेल कदाचित," काडी म्हणाली. "आधी ते बघायला हवं."

तो कुठे राहतो, हे रेडिओने तासाभरात शोधून काढलं. कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात तो इतकं बोलला, की दुकानदाराने सुटका करून घेण्यासाठी पत्ता देऊन टाकला. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागे, पत्र्याची शेड.

दुपारी दोघं सायकलींवर निघाली. शेपटाला घरी ठेवलं. तिने फाटकापर्यंत पाय आपटले.

कारखान्यामागची गल्ली सुनसान होती. शेडच्या दोन पत्र्यांमध्ये चार बोटांची फट होती. काडीने एक डोळा लावला, खालून रेडिओने लावला.

आत पिल्लंवाला बाह्या वर करून बसला होता. एका बाजूला पिंजऱ्यात पिवळीधमक पिल्लं. समोर तपकिरी पाण्याचं घमेलं. चहात बिस्किट बुडवावं तसा तो मूठभर पिल्लं उचलायचा, घमेल्यात बुडवायचा आणि गोणपाटावर फेकायचा. गोणपाटावर ती ओली पिल्लं कुडकुडत पडली होती. काही हलत नव्हती. फोन त्याने खांद्याने कानाशी दाबला होता.

"हो हो, सगळे नर मलाच पाठवा," तो म्हणत होता. "नाहीतरी तुम्ही उबवणी केंद्रात ते फेकूनच देता! इथे? इथे कोणाला कळतंय! रंग गेला की लोकांना वाटतं रोग आला. आपणच टाकून देतात आणि पुन्हा माझ्याकडेच येतात!"

"बापरे!" रेडिओ म्हणाला. मोठ्याने. त्याच्याच्याने राहवलं नाही.

आत घमेलं लवंडलं. पुढच्या क्षणी दार धाडकन उघडलं, आणि काडी सायकलीपर्यंत पोचण्याआधीच रेडिओची कॉलर त्या माणसाच्या तपकिरी मुठीत होती.

"काय बघत होतास रे? काय बघत होतास?"

"पि... पिल्लं घ्यायची होती, काका!"

"फटीतून?"

"सोडा त्याला!" काडी वळून परत आली. तिने रेडिओचा हात धरून ओढला. "आम्ही सगळं पाहिलंय! तुम्ही पिल्लं रंगवता!"

त्याने रेडिओला भिंतीवर ढकललं आणि तो काडीच्या अगदी समोर येऊन उभा राहिला. बाजारातलं ते गाणारं हसू आता कुठेच नव्हतं.

"मग जा, सांग सगळ्यांना. मी सांगेन, ही दोन कार्टी चोरी करायला आली होती. कोणाचं ऐकतील? माझं, की तुमचं?" त्याने दोन्ही सायकलींच्या चाकांची हवा सोडली, अगदी सावकाश, तिच्याकडे बघत बघत. "पुन्हा इकडे दिसलात ना, तर हवा सायकलीची नाही काढणार."

दोघं सायकली ढकलत निघाली. मोठा रस्ता येईपर्यंत दोघंही सारखी मागे वळून बघत होती. काडीला रडायचं नव्हतं, म्हणून ती रागावली.

"तुला तोंड मिटून ठेवता येत नाही एवढंसं?"

"आणि तुला नंतर बोलायची गरज काय होती? आता तो सावध झाला! बाजारात आपण दिसलो, तरी हाकलून देईल!"

तेही खरंच होतं. दोघं घरी पोचली, तेव्हा शेपूट फाटकातच उभी होती, गाल फुगवून.

"मला नेलं नाही! मला कुठेच नेत नाही! मी त्या पिल्लंवाल्याला अजून पाहिलंसुद्धा नाही!"

काडी थांबली. सायकल तिने तशीच आडवी टाकली.

"काय म्हणालीस? पुन्हा म्हण!"

"मी त्याला पाहिलंसुद्धा..."

"आणि त्यानेही तुला पाहिलेलं नाही!" काडीने तिला उचलून गरकन फिरवलं. "शेपटे, तू तर हुकमाचा पत्ता आहेस!"

* * *

रविवारी सकाळी मावशी चहा करायला गेली, तर चहापत्तीचा डबा रिकामा! मोठ्या पातेल्यात काळाकुट्ट काढा गार करत ठेवला होता, आणि अंगणात काडी एका वैतागलेल्या कोंबड्याच्या पंखांना तो कापसाने लावत होती.

"अगं, हे काय चाललंय?"

"त्या पिल्लंवाल्याच्या रंगात काय असतं कोण जाणे, मावशी. चहाने काही अपाय होत नाही. आणि पाण्याने निघतो."

"पण कशासाठी?"

"पांढरी नेली, तर तो 'माझी' म्हणणारच नाही," म्हणत काडीने सगळं सांगितलं. मावशी ऐकत राहिली. मग आत गेली, कपाटातून चहाचा दुसरा पुडा काढून आणला आणि काडीच्या शेजारी ठेवला. "याची शेपटी राहिलीय," ती म्हणाली. "आणि काकांना बिनदुधाचा, बिनपत्तीचा चहा मी पाजते. विचारू नका कसा!"

बाजारात पिल्लंवाल्याभोवती नेहमीसारखी गर्दी होती. पुढे पाळणाघर चालवणाऱ्या एक बाई उभ्या होत्या. पाळणाघरातल्या मुलांना घरची अंडी मिळावीत म्हणून त्या अख्खा पिंजरा घ्यायला आल्या होत्या.

"बिनधास्त न्या, बाई! सगळ्या माद्या! पिवळं शोधून दाखवा आणि..."

"काका!" खालून एक बारीक आवाज आला. शेपूट टोपली घेऊन उभी होती. टोपलीत तीन-चार मोठी झालेली, तपकिरी पंखांची पिल्लं. "काका, आमची पिल्लं केवढी झालीत बघा ना! ही तुमचीच आहेत ना? आई म्हणाली, विचारून ये."

पिल्लंवाल्याचा चेहरा फुलला. गिऱ्हाइकासमोर असली जाहिरात आयती चालून आलेली! त्याने एक पिल्लू उचलून उंच धरलं.

"माझीच! अंधारातसुद्धा ओळखीन माझं पिल्लू! बघा बाई, बघा, किती गुटगुटीत! आणि रंग? एकदम पक्का तपकिरी!"

"नक्की तुमचंच?" बाईंनी विचारलं.

"शंभर टक्के माझंच!"

भाजीच्या गाड्यामागून काडी आणि रेडिओ पाण्याची बादली घेऊन पुढे आले. पिल्लंवाल्याचं हसू मावळायच्या आत काडीने ओला रुमाल त्याच्या हातातल्याच पिल्लाच्या पंखावरून फिरवला. एकदा, दोनदा. तपकिरी ओघळ त्याच्या मनगटावरून खाली आला आणि खाली पंख निघाला पांढराशुभ्र.

"हे तुमचंच पिल्लू ना, काका?" काडी म्हणाली. "मग हे पांढरं कसं?"

गर्दीत कुजबुज सुरू झाली, आणि नेमकी तेव्हाच मागून आरोळी आली.

"लांब व्हा! हात लावू नका! रोगट पिल्लं आहेत ती!"

टीसी आजोबा! पिल्लांची विल्हेवाट खरंच लागते का, हे बघायला ते घरापासून पोरांच्या मागावर होते.

लोक झटकन मागे सरले. पिल्लंवाल्याला तेवढंच हवं होतं. "ऐकलंत? ऐकलंत ना? रोगट पिल्लं घेऊन आलीत माझ्या मालात सोडायला! परवा माझ्या शेडमध्ये चोरी करायला आलेली हीच ती कार्टी! हाकला यांना!"

"लाज नाही वाटत?" कोणीतरी ओरडलं. "आईबाप कुठे आहेत यांचे?" दुसरं कोणी म्हणालं. एका माणसाने बादलीला लाथ घातली. अर्धं पाणी सांडलं. शेपूट घाबरून रेडिओला चिकटली.

काडीला वाटलं, संपलं सगळं. उद्या ती गाडी येणार. तिने आजोबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तीच ती नजर. चोर पकडला की खूश होणारी. आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या माणसाला कोंबड्या आवडत नाहीत, पोरं आवडत नाहीत. पण लबाडी? लबाडी तर त्याहून आवडत नाही!

तिने वाकून पिल्लंवाल्याच्या पिंजऱ्यातलं एक नवंकोरं पिल्लू उचललं. त्याने तिचं मनगट पकडून पिरगाळलं. ती कळवळली, पण दुसऱ्या हातातलं पिल्लू तिने पुढे केलं.

"आजोबा! हे याच्या पिंजऱ्यातलं आहे, आमचं नाही! तुम्हीच तपासा! माझं खोटं निघालं, तर आत्ता स्वतः पिल्लं नगरपालिकेत नेऊन देते!"

आजोबा क्षणभर घुटमळले. मग त्यांनी पिल्लू घेतलं, चष्मा सारखा केला, आपला पांढरा रुमाल उरलेल्या पाण्यात बुडवला आणि पिल्लाच्या पाठीवरून घासला. रुमाल उघडून डोळ्यांजवळ नेला. सगळ्यांनी माना पुढे काढल्या.

रुमाल तपकिरी होता.

"हात सोड तिचा," आजोबा म्हणाले. मोठ्याने नाही, पण असं, की पिल्लंवाल्याचा हात आपोआप सुटला. "खोट्या पासावरची शाई मी अशीच धरायचो. ओल्या बोटाने! कच्चा रंग! आणि तू मलाच ओरडायला लावतोस, रोग म्हणून?"

"आजोबा, गैरसमज होतोय..."

"जागचा हलू नकोस!"

पाळणाघरवाल्या बाईंनी पिंजऱ्यातलं दुसरं पिल्लू पुसलं. भाजीवाल्याने तिसरं. सगळी पिवळी! गर्दीतून एक म्हातारा माणूस पुढे आला. त्याने एक पुसलेलं पिल्लू ओंजळीत घेतलं. "माझी पण पांढरी पडली होती. मी रोग समजून सगळी पुरून टाकली. धडधाकट होती रे ती!"

यानंतर कोणी ओरडलं नाही. लोक फक्त पिल्लंवाल्याच्या चारी बाजूंनी उभे राहिले. त्याने पिंजरे टाकून पळायचा प्रयत्न केला, पण भाजीच्या गाड्या आडव्या लागलेल्या होत्या आणि प्रत्येक गाडीमागे कोणीतरी उभं होतं. बाजार निरीक्षक आले, पोलीस आले. शेड उघडली गेली, तेव्हा रेडिओने पोलिसांना घमेलं, रंगाची पाकिटं, गोणपाट सगळं दाखवलं आणि वाटेत त्यांना इतकं सांगितलं, की एक हवालदार म्हणाला, "बाळा, जबाब लिहून घ्यायचाय, कादंबरी नाही!"

* * *

संध्याकाळी आरोग्य निरीक्षक पुन्हा आले. या वेळी रुमाल खिशात होता. अंगणात येऊन ते खाली बसले, एक कोंबडा हातात घेऊन त्याचे डोळे, चोच, पंख नीट पाहिले.

"ठणठणीत आहे. पोरी, तू कमाल केलीस! किती घरांची फसवणूक थांबवलीस!"

"त्या दिवशी आत आला असता, तर तेव्हाच दिसलं असतं," काडी म्हणाली.

मावशीने डोळे वटारले. निरीक्षकांचे कान लाल झाले. पण ते उठता उठता म्हणाले, "बरोबर बोललीस. चुकलंच माझं."

मावशीने काडीला जवळ घेतलं. "तुझ्या आईला फोन केला मी. म्हटलं, तुझी काडी पेटली, पण या वेळी योग्य ठिकाणी!" आणि तिने तिचं सुजलेलं मनगट हळूच चोळून दिलं.

पुढच्या काही दिवसांत जप्त केलेली पिल्लं पाळणाघरवाल्या बाई आणि बाजारातले काही जण सांभाळायला घेऊन गेले. पिल्लं तपासायला आलेल्या कोंबड्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बल्ब किती उंच टांगायचा ते विचारायला काडीकडेच पाठवलं. पिल्लं उबवणाऱ्या केंद्राला पोलिसांनी बोलावलं, तसं त्यांनी निमूटपणे फसलेल्या सगळ्यांना खऱ्या माद्या द्यायचं कबूल केलं.

राहिले अंगणातले पांढरे कोंबडे. टीसी आजोबांचं म्हणणं सरळ होतं. "रोग नाही, मान्य. पोरीने लबाडी पकडली, शाबास! माझ्या खात्यात असती, तर बढती दिली असती. पण म्हणून मला कोंबडे आवडायला लागले असं समजू नका. अकरा-अकरा कोंबडे आरवायला लागले, तर मीच घर सोडून जाईन!"

"अंडी देणार नाहीत, ते ठेवायचे कशाला, असंही कोणी म्हणेल," मावशी काकांकडे बघत म्हणाली.

काका पायरीवर बसून खुराड्यासाठी जाळीचा तुकडा मोजत होते. "अंडी देत नाही म्हणून हाकलायचं असतं," ते म्हणाले, "तर या रेडिओला केव्हाच हाकललं असतं. डेपोतल्या माझ्या दोस्ताची फळबाग आहे. किडे टिपायला त्याला कोंबडे हवेच आहेत. मोकळ्यावर फिरतील. दोन इथे राहू देत." मग घसा खाकरून, कोणाकडेच न बघता त्यांनी पुढे जोडलं, "त्या दिवशी, ते पिल्लू गेलं तेव्हा, मी तसं बोलायला नको होतं."

काडीने दाण्यांचं भांडं खाली ठेवलं. ती पायरीवर त्यांच्या शेजारी बसली आणि जाळीचं दुसरं टोक ताणून धरलं.

"सरळ धर," काका म्हणाले.

"सरळच आहे," काडी म्हणाली. "तुम्ही वाकडे बसलायत."